बिनइंजिनाचं विमान आणि तलावातलं खळं

निवृत्त माणसाला लग्नात, तेरवीत आणि एसटीत एकच प्रश्न विचारला जातो, "तुम्ही काय करत होते जी?" मी सांगतो, ग्लायडर उडवत होतो, पोरांना शिकवत होतो. समोरचा मान डोलावतो आणि पुढचा प्रश्न टाकतो, "मंग ॲव्हरेज किती देते?" त्याचा काही दोष नाही. आमच्या भंडाऱ्यात गाडीची ओळख ॲव्हरेजनेच होते. ग्लायडरला इंजिनच नसतं, पेट्रोल लागतच नाही, असं सांगितलं की तो जरा सरकून बसतो. एकाने तर माझ्या मुलाला बाजूला घेऊन विचारलं होतं, "बाबाची तब्येत ठीक हाय नं?"

तर आधी धंदा समजावून सांगतो. ग्लायडर म्हणजे पंख असलेलं, इंजिन नसलेलं विमान. त्याला वर न्यायला पुढे एक इंजिनवालं लहान विमान लागतं. दोघांच्या मध्ये नायलॉनचा लांब दोर. हवी तेवढी उंची मिळाली की मागचा पायलट समोरची पिवळी मूठ ओढतो, दोर सुटतो, ओढणारं विमान निघून जातं आणि ग्लायडर तापलेल्या हवेवर घारीसारखं फिरत राहतं. खरं कसब दोर सुटेपर्यंतचं. मागच्याने जास्त उंची घेतली तर पुढच्या विमानाची शेपटी वर खेचली जाते आणि त्याचं नाक जमिनीकडे वळतं. म्हणजे पुढच्याचा जीव मागच्याच्या हातात. नवराबायकोला भांडून एका घरात राहता येतं, दोराच्या दोन टोकांना राहता येत नाही.

गिऱ्हाईकंही नाना तऱ्हेची. एक बँकेचे साहेब हौसेने बसले होते. गचका बसला तसा त्यांनी आधाराला हाताला लागेल ते धरलं, आणि हाताला लागली पिवळी मूठ. दोर सुटला. मी मुकाट्याने वळवून धावपट्टीवर आणलं. उतरल्यावर साहेब म्हणाले, "मजा आली, पण फार लवकर संपलं." मी म्हटलं, "साहेब, संपवलं तुम्हीच."

हा धंदा मला मिरांडासाहेबांनी शिकवला. दुसऱ्या महायुद्धात ते तरुण असताना आसामातल्या एका लष्करी धावपट्टीवर ओढीचे दोर तपासण्याच्या कामाला होते. तिथून ब्रह्मदेशाच्या जंगलात सैनिक भरलेली ग्लायडरं ओढून नेत. एका विमानामागे दोन-दोन ग्लायडरं, रात्रीची वेळ, मध्ये डोंगर. तासन् तास पुढच्या विमानाच्या बारीक दिव्यावर नजर ठेवून पायलटचे हात आखडून जात. कितीतरी दोर वाटेतच तुटले. उतरल्यावर परत उडायची सोय नव्हती. जंगलातल्या ज्या मोकळ्या पट्ट्यावर उतरायचं, तो वरून गुळगुळीत दिसत होता, पण गवताखाली सागाचे ओंडके ओढून पडलेल्या खोल चाकोऱ्या होत्या. चाकं उखडली, माणसं गेली. जी वाचली त्यांनी बरोबर आणलेल्या बुलडोझरने जमीन सपाट केली आणि दुसऱ्या संध्याकाळी तिथे मोठी विमानं उतरवली. मिरांडासाहेब ही गोष्ट प्रत्येक तुकडीला सांगायचे आणि शेवटी डोळे वटारून म्हणायचे, "गवतावर विश्वास ठेवू नका."

माझ्या नोकरीची शेवटची वर्षं चालली होती. पश्चिम महाराष्ट्रातल्या आमच्या प्रशिक्षण केंद्रात एक लाकडी, दोन आसनी ग्लायडर होतं. वयाने म्हातारं, पण उडायला लोण्यासारखं. केंद्राने नवी ग्लायडरं आणली आणि याला कंडम करायचं ठरवलं. त्याच सुमारास आमच्या भागातल्या शाळा-कॉलेजच्या कॅडेट पोरांसाठी उड्डाणाचं शिबिर निघालं. जागा युद्धकाळात बांधलेली धावपट्टी. ती पूर्वी भंडाऱ्याची होती. जिल्हा फुटला तेव्हा ती गोंदियाच्या वाट्याला गेली आणि आमच्याकडे पितळेची भांडी राहिली. शिबिरासाठी नवं ग्लायडर द्यायला कोणी तयार नव्हतं. मी म्हातारं मागितलं.

शिबिराचे कमांडर कडक होते, पण मनाचे सरळ. त्यांनी अट घातली: शिबिर सुरू होईल त्या सकाळी ग्लायडर धावपट्टीवर उडण्याच्या स्थितीत उभं दिसलं पाहिजे, नाहीतर शिबिरात फक्त भाषणं होतील. आता गोम अशी की त्याचे पंख खोलून ट्रकवर नेणं शक्य नव्हतं. पंखांच्या मुळाशी लाकडात बसवलेले बोल्ट इतके जुने होते की एकदा उघडले असते तर पुन्हा बसवल्यावर तपासनीसाने सही दिली नसती. खोललं की भंगार. म्हणजे ते महाराष्ट्राच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत दोराला बांधून, हवेतूनच न्यायचं होतं. एवढी लांब ओढ आमच्या केंद्रात कोणी केली नव्हती. मी पवनी तालुक्यातल्या कोंढ्याजवळच्या खेड्यातला, मजुराचा पोरगा. आमच्या आळीतल्या पोरांनी विमान पाहिलं ते मान वर करूनच. त्यांना त्यात बसवायची ही एकच संधी होती आणि ती मला सोडायची नव्हती.

ओढायला नंदिनी आली. माझीच जुनी विद्यार्थिनी, नाशिककडची, आता कॅप्टन. वाटेत मुक्काम करत आम्ही नागपूरला पोचलो. शेवटचा टप्पा राहिला. सरळ वाटेवर मनाईचा भाग होता, म्हणून दक्षिणेकडून वळसा घ्यायचा ठरला. खरं सांगायचं तर मलाही आपला मुलूख एकदा वरून पाहायचा होता.

पवनी तालुक्यावर आलो आणि रेडिओवर नंदिनीचा आवाज आला, "सर, नकाशात एवढं पाणी नाहीये. आपण चुकलोय का?"

"नकाशा जुना आहे. ते गोसीखुर्द धरण. वैनगंगा अडवलीय."

त्या पाण्याखाली माझ्या आत्याचं गाव होतं. मी शोधायला खाली पाहिलं, पण पाण्यावर काय दिसणार. तेवढ्यात पुढच्या विमानातून काळपट धुराचा झोत निघाला.

"सर, इंजिन खोकतंय. उंची राखता येत नाहीये."

"मला सोड आणि मागे नागपूरला वळ. एकटी असशील तर पोचशील."

"तुम्ही कुठे उतराल?"

"माझा मुलूख आहे हा," मी म्हटलं आणि पिवळी मूठ ओढली.

दोर सुटला की आधी शांतता जाणवते, मग घाम. हातात फार तर काही मिनिटं होती. एप्रिलचं ऊन, खाली सगळं करपलेलं, आणि मध्येच एक हिरवागार सपाट पट्टा, जणू मुद्दाम अंथरलेला. कुठलाही परमुलखातला पायलट तिथेच गेला असता. पण मी धानाच्या चिखलात वाढलेला. ते उन्हाळी धान होतं. त्या हिरव्याखाली बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, बांध्यांत पाणी आणि दर बांधीला गुडघाभर उंच धुरा, म्हणजे मातीचा बांध. चाक टेकलं असतं तर ग्लायडर उताणं पडलं असतं. मी हिरव्याकडे पाठ केली आणि त्याच्या पलीकडे सुकलेल्या तलावाचा राखाडी तळ होता तिकडे नाक धरलं. पाळीवरून, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावरून, आत शिरलो, म्हशींच्या कळपाला बगल दिली आणि वाळलेल्या खुरांच्या ठशांवरून हाडं खिळखिळी करत थांबलो. पंखाला ओरखडाही नाही.

काचेचं झाकण उघडेपर्यंत अर्धं गाव तलावात आलं होतं. सगळ्यात पुढे महादेवभाऊ, तलावाचे पाणकर. पाणकर म्हणजे तलावाचं पाणी कोणाला, कधी, किती सोडायचं हे ठरवणारा माणूस. आमच्याकडे सरपंचाचा शब्द एकवेळ मोडेल, पाणकराचा नाही. त्यांनी ग्लायडरभोवती एक फेरी मारली, नाकाशी वाकून पाहिलं आणि मागे वळून हुकूम सोडला, "पोट्टेहो, इंजिन कुठं पडलं ते पाहा रे. कोनाच्या वावरात पडलं असन."

पोरं धावलीसुद्धा. मी म्हटलं, "भाऊ, याले इंजिन नसतेच जी."

भाऊंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुमी इकडलेच काय?"

"कोंढ्याजवळचाच."

"मंग काहून सांगून राहिले उलटंपालटं? बिनइंजिनाचं इमान कसं येईन?"

पोरं तासाभराने परत आली. त्यांना एक जुना स्प्रे पंप सापडला होता.

पाळीवर चढलं की मोबाइलला रेंज यायची. नंदिनी सुखरूप पोचली होती. इंजिन दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नीट होणार होतं आणि त्याच्या पुढच्याच सकाळी शिबिर सुरू होणार होतं. केंद्रातून निरोप आला, खोला आणि ट्रकमध्ये घाला. मी ऐकू येत नाही असं सांगून फोन ठेवला. मग नंदिनीला लावला.

ती म्हणाली, "सर, तलावात उतरून तुम्हाला उचलायला मी तयार आहे. पण भेगा असतील तर माझं चाक मोडेल, आणि तुम्हाला ओढायला मला लांब, टणक जमीन हवी."

"परवा पहाटेच्या थंड हवेत ये. जमीन मी देतो."

शब्द देऊन खाली उतरलो आणि तळ नीट पाहिला. पाऊल जाईल अशा भेगा, दगडासारखे खुरांचे ठसे. तुळसाबाई शेजारी उभी होती. महादेवभाऊंची मोठी बहीण, गावातल्या सारवणाची मुख्य कारभारीण. मी मोठ्याने विचार करत होतो की भेगांत माती भरावी.

"सुकी माती भरली तं चाकाखाली भुसभुस होईन," ती म्हणाली. "खळ्यावानी करा लागन."

मला एकदम आई आठवली, धान मळायच्या आधी मालकाचं खळं करताना. जमीन भिजवायची, बैलांनी तुडवायची, जड फळी फिरवायची, मग शेणकाल्याने सारवायची. वाळलं की त्यावरून बैलजोड्या फिरल्या तरी कण निघत नाही. मिरांडासाहेबांच्या लोकांकडे बुलडोझर होता, आमच्याकडे बैल होते. मी म्हटलं, "बाई, अख्ख्या तलावाच्या लांबीचं खळं होईन काय?"

"बाया मोजून सांगतो," ती म्हणाली आणि निघाली.

पण भिजवायला पाणी हवं, आणि तलावात उरलं होतं ते कोपऱ्यातलं एक डबकं. गुरांचं उन्हाळ्याचं पिण्याचं पाणी. ते मागायला माझी जीभ उचलेना. शेवटी पाळीवर महादेवभाऊंपाशी जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी डबक्याकडे पाहिलं.

"हे तिकडं धड पोचलं तं त्याच्यात कोन बसन? सायबायची पोरं?"

"आपली पोरं बसतीन भाऊ. तुमच्या गावच्या शाळंतलीबी."

"अन् खोलून नेलं तं?"

"तं भंगारात जाईन."

भाऊ उठले, धोतराची धूळ झटकली आणि खाली उभ्या असलेल्या माणसांना म्हणाले, "घ्या पानी. म्हशीयचं मी पाहून घेतो."

दुसऱ्या दिवशी उजाडताच काम सुरू झालं. मी आयुष्यात पुष्कळ धावपट्ट्या पाहिल्या, पण त्या दिवशीसारखी बनताना पाहिली नाही. गुंडांनी, म्हणजे पितळी घागरींनी, आणि बादल्यांनी पाणी आलं, मागोमाग बैलजोड्या, त्यांच्यामागे फळ्या आणि फळीवर वजनाला उभी राहिलेली माणसं. बौद्ध मोहल्ला, कुणब्यांची आळी, मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं, सगळे एकाच चिखलात. आईला ज्या गावातल्या खळ्यावर कामापुरतं बोलवत, तसंच हे गाव होतं. पण त्या दिवशी कोण कोणाच्या घमेल्याला हात लावतो हे पाहायला कोणाला वेळ नव्हता. मला ते पाहून भरून आलं, ते लपवायला मी खराटा हातात घेतला. तुळसाबाईने तो काढून घेतला. "पातळ करून राहिले तुमी. उखडन."

दुपारपर्यंत सारवण संपलं आणि एप्रिलच्या उन्हाला मी पहिल्यांदाच मनापासून दुवा दिला. पवनीहून बंदोबस्ताला आलेले हवालदार संध्याकाळी त्यावर बूट आपटून म्हणाले, "ठाण्याचं अंगन इतकं चांगलं नाई."

शिबिराच्या दिवशी उजाडताच तलावावर आलो तर खळं कडक वाळलं होतं. टाच मारली तर खणखणीत आवाज. नंदिनीच्या विमानाची घरघर ऐकू येऊ लागली. मी आनंदाने धावपट्टीवर नजर टाकली आणि जागीच थिजलो. बरोब्बर मधोमध एक खांब उभा होता. कमरेएवढा, हळद-कुंकू लावलेला, पायाशी नारळ फोडलेला.

खळ्याच्या मधोमध मेढ असते, ज्याभोवती मळणीचे बैल फिरतात तो खांब. मेढ पुरल्याशिवाय खळं पुरं होत नाही. महादेवभाऊंनी पहाटे आंघोळ करून रीतसर मेढ पुरली होती आणि बाजूला समाधानाने उभे होते.

"भाऊ, काढा ते. इमान येऊन राहिलं."

"पूजा झाली जी. आता कशी काढू?"

"काढली नाई तं पोरगी मरन."

हे ऐकल्यावर भाऊंनी कोणाची वाट पाहिली नाही. स्वतःच मेढीला मिठी मारून हलवायला लागले. मी आणि हवालदार धावलो. नंदिनी पाळीवरून आत शिरत होती. मी कमरेला लावलेल्या छोट्या रेडिओवर ओरडलो तशी ती आमच्या डोक्यावरून गर्जत वर निघून गेली आणि फेरी मारायला लागली. मेढ निघाली. खड्डा राहिला. तुळसाबाईने ओचा खोचला, बायांनी ओली माती ठेचून बसवली, वर वाळला चुरा दाबला. मी त्यावर दोन्ही पायांनी उड्या मारल्या. मग नंदिनीला सांगितलं, मधली थोडी जागा सोडून उजवीकडून ये.

ती उतरली. चाक धावलं ते कसं, पाटावर वाटी सरकावी तसं. खाली उतरून तिने वाकून जमिनीला हात लावला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "सर, हे शेण आहे?"

"नाशिकच्या धावपट्टीला मिळत नाही एवढं चांगलं," मी म्हटलं.

आता उडायचं. दोराची कडी अडकवायचं काम महादेवभाऊंना शिकवलं. पंख सरळ धरून सोबत पळायला हवालदार. मी आत बसून पट्टे आवळले. मागची जागा रिकामी ठेवली, वजन कमी हवं होतं. दोर हळूहळू ताणला गेला आणि आम्ही निघालो. हवालदारांची टोपी उडाली, पण पंख त्यांनी सोडला नाही. मेढीची जागा चाकाखालून गेली, एक हलका धक्का, बस. माझ्या चाकाची खडखड थांबली. मी उचललो गेलो होतो. नंदिनी अजून जमिनीवरच होती. मी तिच्या मागे दबून राहिलो, हातभर उंचीवर, तिची शेपटी उचलली जाऊ नये म्हणून. सारवण संपत आलं, पुढे बाभळी वाढत चालल्या. मग तिची चाकं सुटली. बाभळीचे शेंडे आमच्या खालून गेले. मी कॉकपिटमध्ये एकटा मोठमोठ्याने हसत होतो. वळताना पाळीकडे पाहिलं तर रंगीबेरंगी लुगड्यांची रांग उभी होती आणि सगळे हात वर होते. मिरांडासाहेब हे पाहायला हवे होते असं फार वाटलं. ते दोन वर्षांपूर्वीच गेले होते.

धावपट्टीवर उतरलो तेव्हा कॅडेट पोरं रांगेत उभी होती आणि कमांडर घड्याळाकडे पाहत होते. त्यांनी ग्लायडरभोवती चक्कर मारली. तपासनीसाने पंखांच्या मुळाशी विजेरी धरली, बोल्ट पाहिले, पंख हलवून पाहिले. मग कमांडरसाहेब चाकापाशी वाकले.

"हे हिरवं काय लागलंय?"

"धावपट्टी, सर."

ते सरळ झाले. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "धुऊन काढा. आणि पहिल्या पोराला बसवा," म्हणाले.

त्या शिबिरात म्हाताऱ्याने न कुरकुरता काम केलं, आणि त्यानंतरच्या कितीतरी शिबिरांतही. शेवटी ते कंडम झालंच. लाकडाला कधीतरी थकावं लागतं. पंख खोलले तेव्हा मी हजर होतो. वाईट वाटलं. पण ते आमच्या पोरांना वर नेऊन नेऊन थकलं होतं, हे काही थोडं नाही.

पहिल्या शिबिराच्या शेवटच्या दिवशी महादेवभाऊ आले. एसटीने, दोनदा गाडी बदलून, गावच्या शाळेतल्या पोरी घेऊन. कमांडरसाहेबांनी परवानगी दिली. शेंदरी रिबिनींची एक पोरगी पुढच्या आसनात बसली, मी मागे. वर गेल्यावर मी तिला म्हटलं, तू ओढ ती मूठ. तिने ओढली. शांत झालं. ती खाली पाहून हसत राहिली.

उतरलो तेव्हा भाऊ धावपट्टीच्या कडेला उन्हात उभे होते. मला राहवलं नाही, विचारलं, "म्हशीयचं कसं चाललं भाऊ?"

"नाल्यावर नेतो. लांब पडते," ते म्हणाले. पोरगी मैत्रिणींना हातवारे करून काही सांगत होती. भाऊ तिच्याकडे बघत राहिले. "नेईन नाल्यावर. पानी कामी आलं."